सोनोरन वाळवंटात रानातला निवडुंग कसा पाहावा: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

ॲरिझोनात राहायला आल्यापासून दर वर्षी घरी पाहुणे येतात आणि इथल्या सोनोरन वाळवंटातले निवडुंग बघायला जातात. बहुतेकांचं जाणं एकाच साच्यातलं असतं. सकाळी आरामात नाश्ता, अकराला फिनिक्सहून निघायचं, एक वाजता टूसॉनजवळच्या सग्वारो नॅशनल पार्कमध्ये पोचायचं, सगळ्यात उंच निवडुंगासमोर फोटो काढायचा आणि ऊन सोसवेना म्हणून वीस मिनिटांत परत गाडीत बसायचं. संध्याकाळी विचारावं, काय पाहिलंत? "खूप होते, पण सगळे सारखेच."

सारखे नसतात. वेळ चुकलेली असते आणि पाहण्याचा क्रमही. सगळे आधी वर बघतात. निवडुंगाचं रान खालून वर पाहायचं असतं. मधल्या काही चुका फक्त वेळ वाया घालवत नाहीत, त्या जिवावरही बेततात. म्हणून हे सगळं ओळीने लिहून काढलं आहे. इथल्या उंच, हातांसारख्या फांद्या फुटणाऱ्या निवडुंगाचं नाव मराठीत 'सग्वारो' असं लिहितात, पण तिथे कुणाला विचारायचं झालं तर 'सवारो' म्हणा. 'ग' उच्चारत नाहीत.

१. घरी: निवडुंग कोणता आणि कोणता नाही

आपल्याला 'निवडुंग' या शब्दात फार काही भरायची सवय आहे. बांधावरचा साबर, त्रिधारी, शेर या सगळ्यांना चीक असतो आणि त्या युफोर्बिया गटातल्या वनस्पती आहेत. त्या कॅक्टस नव्हेत. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस. तो मूळचा अमेरिकेचाच, आपल्याकडे आणलेला.

खरा कॅक्टस ओळखायची खूण काट्यांच्या बुडाशी असते. काट्यांचा प्रत्येक झुपका एका लवदार ठिपक्यातून निघतो, जणू टाचण्या खोचायची इवलीशी गादी. त्याला एरिओल म्हणतात. कॅक्टसचे काटे, फुलं, फांद्या सगळं या गादीतूनच येतं. फड्या निवडुंगाचं एक पान (खरं तर ते खोड) जवळून पाहिलंत की गादी लगेच दिसेल. जाण्याआधी कुंडीतल्या एखाद्या कॅक्टसवर हा सराव करा.

सोनोरन वाळवंटात तीन वनस्पती हमखास फसवतात. ओकोटियो म्हणजे जमिनीतून निघालेल्या काटेरी छड्यांचा जुडगा. पाऊस पडला की त्यावर हिरवी पानं फुटतात. तो कॅक्टस नाही. अगेव्ह म्हणजे आपली घायपात, तीही नाही. युक्काही नाही.

खरे कॅक्टस म्हणून सुरुवातीला सहा ओळखता आले तरी पुरे: सग्वारो, जोड-जोड असलेला चोया, चपट्या पानांचा प्रिकली पेअर, म्हणजे आपल्या फड्याचा भाऊबंद, पिंपासारखा फिशहूक बॅरल, ज्याचा मधला काटा माशाच्या गळासारखा वाकलेला असतो, झुपक्याने वाढणारा हेजहॉग, आणि मुठीएवढा, सावलीत दडलेला मॅमिलेरिया.

२. महिना आधी ठरवा, तिकीट नंतर

"फुलं कधी असतात?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. हेजहॉगची गडद गुलाबी फुलं मार्चअखेरीस सुरू होतात आणि एप्रिलभर असतात. प्रिकली पेअर आणि बरेचसे चोया एप्रिल-मेमध्ये फुलतात. सग्वारो एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, त्यातही मे भरात. सग्वारोची फळं जूनच्या मध्यापासून पिकतात. फिशहूक बॅरल पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. मॅमिलेरिया पावसाच्या सरीनंतर काही दिवसांनी डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं घालतो, आणि ते थोडेच दिवस टिकतं.

हो, तिथेही पावसाळा आहे आणि त्याला 'मान्सून'च म्हणतात. हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर असा त्याचा काळ धरतं. पण पाऊस आपल्यासारखा दिवसदिवस लागत नाही. दुपारी ढग चढतात, अर्धा तास कोसळतो, की उघडलं.

पहिल्यांदाच जाणार असाल, बरोबर लहान मुलं किंवा भारतातून आलेले आईबाबा असतील, तर माझं सांगणं एकच: एप्रिलचा मध्य. सग्वारोची फुलं कदाचित चुकतील, पण बाकीचं पुष्कळ फुललेलं असतं आणि सकाळ सुखाची असते. फुलंच नकोत, रान शांतपणे बघायचं आहे, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनमध्ये भर दुपारी पारा ४० अंशांवर जातो. तेव्हा फक्त पहाटेचे दोन तास आपले.

*नेहमीची चूक:* जूनअखेरीस सग्वारोच्या टोकाला लाल काही दिसलं की लोक 'लाल फुलं' म्हणून फोटो पाठवतात. सग्वारोचं फूल पांढरं असतं. ते लाल म्हणजे पिकून उकललेलं फळ. बॅरलच्या डोक्यावरची पिवळी 'फुलं'ही बहुतेक वेळा फळंच असतात आणि ती महिनोन् महिने तशीच राहतात.

३. जागा निवडा

सग्वारो नॅशनल पार्कचे दोन भाग आहेत आणि दोहोंच्या मध्ये अख्खं टूसॉन शहर आहे. नकाशात नुसतं पार्कचं नाव टाकून लोक चुकीच्या भागात पोचतात. पश्चिमेकडच्या भागात सग्वारो दाट आहेत आणि सूर्यास्त सुरेख दिसतो, पण तिथला गाडीचा फेरा कच्च्या रस्त्याचा आहे. पूर्वेकडच्या भागात ८ मैलांचा पक्का रस्ता आहे, कॅक्टस फॉरेस्ट ड्राइव्ह. गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी तो उत्तम. दोन्हीकडे अगदी छोट्या, सपाट वाटा आहेत: पश्चिमेला डेझर्ट डिस्कव्हरी, पूर्वेला डेझर्ट इकॉलॉजी. पहिल्या दिवशी एवढी एक वाट पुरते. दोन्ही भाग एका सकाळीत करायला जाऊ नका.

पश्चिम भागाच्या शेजारीच ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे. नाव म्युझियम असलं तरी ते बहुतांशी उघड्यावरचं आहे आणि झाडांना नावांच्या पाट्या आहेत. रानात जाण्याच्या आदल्या दिवशी तिथे दोन तास घालवले की दुसऱ्या दिवशी डोळा तयार असतो. लोक नेमकं उलट करतात.

दुसऱ्यांदा येणाऱ्यांनी ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट पाहावं. टूसॉनहून किंवा फिनिक्सहून अडीच तासांच्या आसपास, मेक्सिकोच्या सीमेला लागून. जमिनीपासूनच पंधरा-वीस खोडं फुटलेला ऑर्गन पाइप निवडुंग अमेरिकेत खऱ्या अर्थाने तिथेच दिसतो. २१ मैलांचा अहो माउंटन ड्राइव्ह घेतलात तर एक गोष्ट ताडून पाहा: ऑर्गन पाइप दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर जास्त आहेत. त्याला थंडी सोसत नाही आणि ते उतार उबदार राहतात.

*तपासा:* दक्षिण ॲरिझोनातल्या महामार्गांवर सीमा गस्ती दलाचे तपासणी नाके आहेत. पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत जवळ असू द्या. आईबाबांची कागदपत्रं हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका.

*तपासा:* तोहोनो ओओधम या इथल्या मूळ रहिवाशांचा मोठा प्रदेश याच भागात आहे. ती त्यांची जमीन. परवानगीशिवाय मुख्य रस्ता सोडून आत शिरायचं नाही. त्यांच्या लेखी सग्वारो माणसांसारखेच आहेत. जूनमध्ये सग्वारोच्याच वाळक्या फासळ्यांच्या (खोडातल्या लाकडी पट्ट्यांच्या) लांब काठ्यांनी ते फळं उतरवतात आणि तिथून त्यांचं वर्ष सुरू होतं. ते काम चालू दिसलं तर दुरून बघा. न विचारता फोटो काढू नका.

४. सामान: कंगवा विसरू नका

पाणी सगळ्यात आधी. दिवसाला माणशी ४ लिटर धरा, आणि गाडीत वेगळं ठेवा. नियम साधा आहे: बाटलीतलं अर्धं पाणी संपलं की परत फिरायचं, मग समोर काहीही दिसो. पाण्याबरोबर खारं काहीतरी हवं. शेंगदाणे, चिवडा चालतो.

बूट बंद हवेत, तळ जाड हवा. चप्पल, सँडल, जाळीचे धावायचे बूट यातून काटा आरपार जातो. पायघोळ पँट, पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी. लोकरी किंवा विरविरीत कापड टाळा. काटे त्यात रुततात. ओढणी आणि पदर खोचून घ्या, आणि हे मी कळकळीने सांगतो आहे. एका एप्रिलमध्ये आई माझ्याबरोबर होती. वाट अरुंद होती, वाऱ्याने तिच्या सुती साडीचा पदर उडाला आणि बाजूच्या चोयाला लागला. लिंबाएवढा एक तुकडा पदराला चिकटून आला. तिने सवयीने दुसऱ्या हाताने तो झटकला, आणि तुकडा पदरावरून सुटून तिच्या तळहातात बसला. पंधरा-वीस काटे एकदम. काढायला पाऊण तास लागला, कारण माझ्याकडे कंगवा नव्हता.

तेव्हापासून खिशात रुंद दातांचा प्लास्टिकचा कंगवा असतो. त्याच्या जोडीला टोकदार चिमटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, दुर्बीण, पांढरा डिंक आणि थोडं बँडेजचं जाळीदार कापड. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. पुष्कळ ठिकाणी रेंज नसते.

५. वेळ: सूर्य उगवायच्या आधी वाटेवर

टूसॉनला जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास उजाडतं, डिसेंबरमध्ये सव्वासातच्या पुढे. ॲरिझोनात घड्याळ मोसमाप्रमाणे मागेपुढे करत नाहीत. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: उन्हाळ्यात दोन्हीकडे वेळ एकच, हिवाळ्यात ॲरिझोना एक तास पुढे. पार्कच्या गाडीरस्त्याची दारं किती वाजता उघडतात हेही मोसमाप्रमाणे बदलतं. आदल्या रात्री बघून ठेवा.

पहाटेचा आग्रह फक्त उन्हासाठी नाही. निवडुंग श्वासाची छिद्रं रात्री उघडतो आणि दिवसा मिटून घेतो, पाणी उडू नये म्हणून. रात्री उमलणारी फुलं सकाळी अजून उघडी असतात. पक्षी बोलत असतात. आणि तिरप्या उन्हात प्रत्येक काटा पेटल्यासारखा दिसतो. नऊ वाजले की हे सगळं विझतं.

*इशारा:* मे ते सप्टेंबर या काळात दहाच्या आत गाडीत परत. डोकं दुखणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ ही उष्माघाताची लक्षणं. सावली, पाणी, ओलं फडकं, आणि लगेच ९११ या आपत्कालीन नंबरवर फोन.

*इशारा:* तहान लागली तर बॅरल कापून पाणी प्यायचं, ही ऐकीव गोष्ट विसरून जा. आत पाण्याचा साठा नसून आंबट गर असतो. त्याने मळमळ आणि उलटी होते, म्हणजे अंगातलं होतं तेही पाणी जातं.

६. वाटेवर: आधी जमीन, मग झुडूप, मग उंच

वाटेवर आलात की पहिली दहा मिनिटं वर बघू नका. वाटेच्या कडेने पालो व्हेर्दे, मेस्किट, आयर्नवुड अशी झाडं दिसतील. पालो व्हेर्देची सालसुद्धा हिरवी असते. मेस्किट आपल्याकडच्या वेड्या बाभळीची नातलग. या झाडांच्या बुंध्याशी, वाळक्या पाल्यात, बसून पाहा. बोटाच्या पेराएवढा, अंगभर पांढऱ्या काट्यांचा गोळा दिसला तर तो सग्वारोचं बाळ असू शकतो. पहिल्या आठ वर्षांत तो दीड इंचाच्या पुढे क्वचितच जातो. उन्हापासून, थंडीपासून आणि तोंड घालणाऱ्या जनावरांपासून त्याला वाचवणाऱ्या झाडाला 'नर्स प्लांट' म्हणतात. आपण दाई म्हणू.

दाई कळली की रान वेगळंच दिसतं. मोठ्या सग्वारोला बिलगून उभं असलेलं वाळकं झाड ही त्याची दाई. तिने याला वाढवलं, पुढे यानेच जमिनीखाली तिचं पाणी ओढलं, आणि ती गेली.

वाट सोडायची नाही, याचं कारणही इथेच आहे. "दोन पावलं आत गेलं तर काय होतं?" असं मुलं विचारतात. त्या दोन पावलांखाली दहा वर्षांचा सग्वारो असू शकतो, आणि तो तुम्हाला दिसणारही नाही.

चोयाजवळून जाताना अंतर ठेवा, मुलांना मधोमध चालवा. टेडी बेअर चोया दिसायला मऊ, सोनेरी, कुरवाळावासा. त्याचे जोड नुसत्या स्पर्शाने सुटतात, म्हणून त्याला 'उडी मारणारा' म्हणतात. उडी मारत नाही. काट्याच्या टोकाला उलटे दात असतात, ते रुतले की जोड बरोबर येतो. जमिनीवर पडलेल्या जोडांनाही मुळं फुटतात, त्यामुळे झाडाखालची जमीन पाहूनच पाऊल टाका. चोयाच्या तुकड्यांचा ढीग एखाद्या बिळाभोवती रचलेला दिसला तर ते पॅकरॅट उंदराचं घर; त्याने दाराशी लावलेलं कुंपणच ते. आणि चोयाच्या ऐन काट्यांत गवताची आडवी पिशवी दिसली तर ते कॅक्टस रेन पक्ष्याचं घरटं.

बॅरल भेटला की फोनमधलं होकायंत्र उघडा. जुने बॅरल बहुधा दक्षिण-नैर्ऋत्येकडे कललेले असतात. दहा बॅरल मोजा आणि किती तसे निघतात ते लिहा. मुलांना हा खेळ फार आवडतो. मात्र त्यावरून वाट शोधायला जाऊ नका. उलटीकडे कललेलेही असतात.

*इशारा:* हात आणि पाय दिसेल तिथेच ठेवा. रॅटलस्नेक दगडाच्या सावलीत, झुडपाखाली असतो. खुळखुळ ऐकू आली तर थांबा, कुठे आहे ते बघा, सावकाश मागे सरा. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. ९११.

*इशारा:* 'वॉश' म्हणजे कोरडा ओढा. पावसाळ्यात डोक्यावर निरभ्र असलं तरी डोंगरात पडलेलं पाणी तिथे भिंतीसारखं येतं. ओढ्यात गाडी लावू नका, वाहत्या पाण्यात घालू नका.

७. एका सग्वारोपाशी अर्धा तास

लोक सगळ्यात जास्त कंटाळा याच टप्प्याचा करतात, आणि पाहायचं सगळ्यात जास्त याच टप्प्यावर असतं. वाटेला लागूनच एक मोठा, हात फुटलेला सग्वारो निवडा. वाटेवरच उभे राहा आणि या क्रमाने पाहा.

आधी बूड. जुन्या सग्वारोचं बूड तपकिरी, सालीसारखं खरखरीत झालेलं असतं. ते वयाने होतं, रोग समजू नका. खोडावरून काळा चिकट रस ओघळत असेल तर मात्र ती जिवाणूंची कूज. पाऊस आणि वाऱ्यात असं झाड कोसळू शकतं. त्याच्याखाली थांबू नका. बहुतेक मुळं जमिनीखाली वीतभरही खोल नसतात, पण झाड जितकं उंच तितकी लांब चहूकडे पसरलेली असतात. म्हणजे दहा पावलं दूर उभे असलात तरी तुम्ही त्याच्या मुळांच्या वरच आहात.

मग घड्या. खोडावरच्या उभ्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या काम करतात. पाणी मिळालं की भाता फुलतो, दुष्काळात मिटतो. सकाळच्या तिरप्या उन्हात घडीच्या खोबणीतली सावली बघा. अरुंद, काळीभोर, खोल सावली म्हणजे झाड तहानलेलं. एकाच जागेला मेअखेरीस आणि ऑगस्टअखेरीस गेलात तर हे झाड नुसतं जाड झालेलं नाही, सोडून दिलेला श्वास परत भरून घेतल्यासारखं दिसतं.

मग काटे. खाली आणि वर यांत फरक शोधा. तरुण भागातले काटे लांब आणि राकट असतात. पुरेशी उंची गाठली की वरचे काटे आखूड आणि मऊसर होतात. भिंग इथे खोडाला नाही लावायचं. वाटेशेजारच्या एखाद्या छोट्या प्रिकली पेअरवर वापरा. पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसले तर तो कोचिनील किडा. त्याच्या अंगात किरमिजी रंग असतो.

मग हात. पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतात, कोरड्या जागी त्याहून जास्त. त्यामुळे हातांच्या संख्येवरून वय सांगता येत नाही. उत्तम पाऊसपाण्याच्या जागी साठीतला सग्वारो हात दाखवतो, रुक्ष जागी शंभरीतला सरळ सोट्यासारखा उभा असतो. दीडशे वर्षं जगणारं झाड आहे हे. खाली लोंबलेले हात दिसतील. एखाद्या कडक थंडीत गोठून ते लवलेले असतात, आणि टोकं पुन्हा वर वळलेली असतात. असं झाड दिसलं की जागा लक्षात ठेवा. का, ते पुढच्या टप्प्यात.

मग भोकं. गोल, नीटनेटकं भोक म्हणजे हीला वुडपेकर किंवा गिल्डेड फ्लिकर या सुतारपक्ष्यांचं काम. झाड आतल्या जखमेभोवती टणक कवच धरतं, ते वाळायला महिने जातात, आणि मगच पक्षी राहायला येतो. त्याने सोडलेल्या घरात पुढे एल्फ आउल हे चिमुकलं घुबड, इतर पक्षी राहतात. झाड मरून मांस गळून गेलं तरी हे कवच बुटासारखं शिल्लक राहतं. दुर्बीण भोकावर स्थिर धरा आणि पाच मिनिटं हलू नका. बहुतेक लोक चौथ्या मिनिटाला निघतात.

*इशारा:* भोकातून घुमल्यासारखा आवाज येत असेल तर मधमाश्या आहेत आणि इथल्या आक्रमक असतात. ताबडतोब लांब जा. अंगावर आल्याच तर हातवारे न करता तोंड झाकून पळा, गाडीत शिरा.

८. फूल गाठायचं कसं

सग्वारोचं एक फूल चोवीस तासांहून कमी टिकतं. सूर्य मावळल्यावर काही तासांनी उमलतं, रात्री वटवाघळं येतात, सकाळी मधमाश्या आणि व्हाइट-विंग्ड डव्ह हे होले, आणि दुपारपर्यंत मिटतं. म्हणजे सकाळी सहा ते नऊ.

अडचण उंचीची असते. फुलं टोकाला, तीस फुटांवर. खालून हिरव्या कळ्यांची बुडं तेवढी दिसतात. इथे लवलेले हात कामाला येतात: थंडीने खाली झुकलेल्या हाताच्या टोकाला फुलं डोळ्यांसमोर असतात. मेणासारख्या जाड पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांची दाट रांगोळी. हात न लावता वास घ्या. पिकत आलेल्या खरबुजाचा असतो.

प्रिकली पेअरच्या पिवळ्या फुलाजवळ मधमाशी उतरेपर्यंत थांबा. ती आत शिरली की केसर हळूहळू तिच्याभोवती आत वळतात. डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने. पाहुण्यांपैकी ज्याने हे एकदा पाहिलं, त्याने पुन्हा 'सगळे सारखेच' म्हटलेलं नाही.

९. काटा लागलाच तर

चोयाचा जोड: हात लावायचा नाही, दुसरा हात तर मुळीच नाही. कंगव्याचे दात कातडी आणि जोड यांच्यामध्ये सरकवा आणि एका झटक्यात बाहेर उडवा. आधी बघा, त्या दिशेला कुणी उभं नाही ना. उरलेले काटे एकेक करून चिमट्याने, ज्या दिशेने गेले त्याच रेषेत बाहेर.

प्रिकली पेअरचे काटे दिसतात, त्यांच्या बुडाशी असलेली बारीक कुसं दिसत नाहीत. त्यांना ग्लॉकिड म्हणतात. लोक ते चोळतात. चोळलं की मोडून आत राहतात. ओठांनी, दातांनी काढायला गेलात तर तोंडात जातात. आधी चिमट्याने झुपके काढा. मग त्या जागी पांढऱ्या डिंकाचा पातळ थर द्या, वर जाळीचं कापड दाबा, पूर्ण वाळू द्या आणि सोला. चिकटपट्टीने फारसे निघत नाहीत. डोळ्याजवळ किंवा सांध्यात खोल गेलेला काटा घरी उकरू नका, डॉक्टरकडे जा.

१०. फोटो आणि नोंद

ओळख पटवायची असेल तर नुसत्या फुलाचा फोटो उपयोगाचा नाही. सहा फोटो काढा: पूर्ण झाड, आजूबाजूची जागा, खोडाच्या घड्या, काट्यांचा एक झुपका जवळून, फूल समोरून आणि बाजूने, असेल तर फळ. उंची कळावी म्हणून माणूस उभा करायचा तर वाटेवरच, झाडाला न टेकता. सूर्य झाडाच्या मागे ठेवलात तर काट्यांची सोनेरी कड मिळते. नॅशनल पार्कमध्ये ड्रोनला बंदी आहे.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकली तर धोक्यातल्या जातींचं ठिकाण तिथे आपोआप धूसर केलं जातं. पण तुमच्या व्हॉट्सॲप गटावर किंवा इतरत्र टाकलेल्या फोटोबरोबर नेमकं ठिकाण जातं का, ते तुम्हालाच पाहावं लागेल. निवडुंगांची चोरी हा खराखुरा धंदा आहे. सग्वारो पार्कने आपल्या काही झाडांत त्यासाठीच चिप बसवल्या आहेत. छोट्या, दुर्मीळ कॅक्टसचं ठिकाण कुणालाही सांगू नका. गावाचं नावसुद्धा नको.

११. निघताना

पार्कमधून काहीही उचलायचं नाही: पडलेला काटा, फळ, बी, वाळकी फासळी, सुतारपक्ष्याच्या घराचं कवच, काही नाही. ॲरिझोनाचा कायदा पार्कबाहेरही सग्वारोला संरक्षण देतो. "एवढंसं बी, पर्समध्ये कुणाला कळतंय" हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. कॅक्टसचं जवळजवळ सगळं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहे, आणि भारतात रोप किंवा बी नेण्यासाठी वनस्पती-विलगीकरणाची कागदपत्रं लागतात. दुकानातून रीतसर घेतलेल्या कुंडीलाही हाच नियम.

गाडीत बसण्याआधी बूट, पायमोजे आणि पँटची दुमड तपासा. आधी काटे: बुटाच्या तळात अडकलेला चोयाचा तुकडा गाडीतल्या पेडलवर पाय दाबताना आत शिरतो. मग गवताचं बी. वाटेच्या कडेला तांबूस, केसाळ कणसांचं गवत दिसलं असेल. ते बफेलग्रास, म्हणजे आपल्याकडे गुरांना घालतो ते अंजन गवत. आपल्याकडे ते चांगला चारा आहे. इथे ते परकं आहे, दोन निवडुंगांमधली मोकळी जमीन भरून टाकतं आणि वाळलं की पेट घेतं. सग्वारोला आगीची सवयच नाही. झळ लागलेलं झाड पुढच्या काही वर्षांत उभ्या उभ्या मरतं. मोज्याला चिकटलेली कणसं वाटेवर झटकू नका. एकेक करून काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि घरच्या कचऱ्यात टाका.